लाल ठिपक्याचा पेन ड्राइव्ह

सर माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्याकडे पेन ड्राइव्ह आहे का ते विचारत.

हिंगोलीच्या बसस्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. "पेन ड्राइव्ह हाये का? दोन मिनिटं द्या, लगेच वापस करतो." तेव्हा आमच्याकडे ही वस्तू नवी होती. ज्यांच्याकडे असे ते ती दोरीने गळ्यात अडकवून फिरत आणि अनोळखी माणसाने मागितली की मुठीत धरत. सर मग खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलचा जेवणाचा डबा काढत. झाकणाला एक चपटं भोक पाडलेलं आणि शेजारी दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. पेन ड्राइव्ह भोकात घातला की लाल दिवा लागे. सर मान तिरकी करून बघत राहत. हिरवा लागला की खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून पेन ड्राइव्हच्या पाठीवर एक लाल ठिपका देत आणि "पास झाला तुमचा" म्हणून परत करत. हिरवा नाही लागला तर मालकाकडे असं बघत, जणू त्याच्या घरी कुणी आजारी आहे.

नेलपॉलिश काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. काकू म्हणत, "माझ्या नखाला लागलं न्हाई एवढं गावाच्या पेन ड्राइव्हला लागलं."

स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात तर ते पाकिटं फोडायला लावत. दुकानदार वैतागून म्हणायचा, "सर, ये बेचने को रखे हैं, चखने को नहीं."

"चाखलेला माल लोक भरोशानं नेतात," सर म्हणायचे. "ठिपका मी फुकट देऊन राहिलो."

पुढे तोच दुकानदार ठिपक्याचे पेन ड्राइव्ह वेगळे मांडू लागला. सांगायचा, आयटीआय के सर का पास किया हुआ माल है. सरकारी कार्यालयातले कारकूनही तेच नेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड शिकवत आणि मी त्यांच्या वर्गात होते. वर्गात मुली मोजक्याच. माझं शिक्षण त्याआधी पत्रकांवर झालेलं. वडिलांचा छोटा छापखाना होता. मोर्चा कुणाचाही असो, पत्रक आमच्याकडे छापलं जाई. मी वाचायला शिकले तो पहिला शब्द 'निषेध' होता असं आई सांगते. त्यामुळे सरांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून बिनसलं आणि ते बिनसणं आम्ही दोघांनी नीट जपलं.

सरांना विशेषणं आवडत नसत. वर्गात कुणी "सर, व्होल्टेज लई कमी येतंय" म्हणालं की ते हातातलं काम थांबवत. "लई म्हणजे किती? मीटर लाव, आकडा सांग. लई सासरी सांगायचं." आणि मी तर विशेषणांवरच वाढलेली.

त्यांचं गाव गोरेगावच्या पुढे. जीपमधून उतरून शेतातल्या वाटेने चालत जावं लागे. तिथे त्यांचे मोठे भाऊ, दादा, शेती बघत. लोडशेडिंगची ती वर्षं. शेतीच्या लाइटची एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळी कागदावर ठरलेली होती. गावात यायची ती मात्र बहुतेक रात्रीच. दिवसाच्या पाळीच्या एका आठवड्यात दादा असेच रात्री मोटर चालू करायला गेले, अंधारात विहिरीच्या कडेचा दगड निसटला आणि खुबा मोडला. तेव्हापासून ते काठीवर. सर ही हकिकत सांगत ती एवढीच: "दादा रात्री मोटर चालू करायला गेला." पुढचं काठी सांगायची.

गावची माणसं वीज कार्यालयात गेली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, कागदावर तर दिवसा दिलेली आहे, तुमच्याकडे काही पुरावा? माणसं परत आली. सर त्या माणसांत होते. त्यांनी पुरावा हा शब्द तेवढा बरोबर आणला.

मोटारीच्या खोपीत, स्टार्टरच्या शेजारी त्यांनी एक लाकडी खोकं ठोकलं. आत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक चिप, जिला एकच काम शिकवलेलं: लाइट आली की वेळ लिही, गेली की वेळ लिही. लाइट नसतानाही जागं राहावं म्हणून एक बॅटरी, लाइट आली की भरून घेणारी. सुट्टीच्या दिवशी सर खोकं घरी आणत, केबलने आपल्या कम्प्युटरला जोडत आणि नोंदी छापत. ते कागद घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. मी पत्रक लिहून तयार ठेवलं होतं.

साहेबांनी कागद चाळले. "मास्तर, हे तुमच्या कम्प्युटरमधून निघालंय. तुमचा कम्प्युटर तुम्ही सांगाल ते छापील."

माझं डोकं फिरलं. जिना उतरताना मी म्हणाले, "सर, उद्याच धरणं धरू."

"बराबर बोलला तो," सर म्हणाले.

"कोण?"

"साहेब. मधी माझा कम्प्युटर हाये तवर तो कागद माझा. खोक्याचा न्हाई. त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीबी हेच म्हणलो असतो."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

त्यांनी ठरवलं ते असं: कम्प्युटर मधून काढायचा. खोक्याने आपल्या नोंदी स्वतःच पेन ड्राइव्हवर लिहायच्या, सगळ्यांसमोर, आणि पेन ड्राइव्ह ज्याला संशय असेल त्याचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पेन ड्राइव्ह आपणहून एक शब्द बोलत नाही. समोर कुणीतरी लागतो, जो त्याला करंट देईल, तू कोण म्हणून विचारेल, त्याला नंबर देईल आणि मग हुकूम करील की हे लिही. त्याला होस्ट म्हणतात. कम्प्युटर हे काम जन्मापासून करतो. सरांच्या खोक्यातल्या चिपला ते येत नव्हतं. तिला फक्त वेळ लिहिता येत होती. होस्टचं काम करणारी वेगळी चिप मागवायची, ती हिच्या शेजारी बसवायची आणि दोघींना एकमेकींची भाषा शिकवायची, हे पुढचं वर्षभराचं काम झालं.

त्या चिपची माहिती इंग्रजीत आणि अफाट पानांची. सायबर कॅफेत नुसती छापायची म्हटली तरी कागद खूप लागणार होता. सर आमच्या छापखान्यात आले आणि वडिलांना म्हणाले, "उरलेली पत्रकं द्या. मागून कोरी हायेत ना?" वर्गातल्या टेबलावर मग तो गठ्ठा पडलेला असे. एका बाजूला 'चलो हिंगोली', दुसऱ्या बाजूला कोणती तार कधी वर जाते आणि कधी खाली येते त्याच्या आकृत्या. सर 'चलो हिंगोली'ची बाजू कधी वाचत नसत.

चिप पुण्याहून कुरिअरने आली. तिचे पाय मुंगीच्या पायासारखे. सरांनी सोल्डरिंगचं टोक कानशीने घासून सुईसारखं केलं आणि घड्याळजीची भिंगाची वाटी डोळ्याला लावली. पहिली चिप जळली. ती त्यांनी टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली आणि प्रत्येक नव्या बॅचला दाखवत. "हिला मी मारलं. घाईनं."

दुसरी बसली. खोकं काही पेन ड्राइव्हशी बोलायचं, काहींपुढे मुकं राहायचं. का, ते कळेना. तिथून डबा आणि नेलपॉलिश सुरू झालं. खोक्यातलंच सगळं एका जेवणाच्या डब्यात बसवून सर गावभर पेन ड्राइव्ह तपासत फिरू लागले. त्यांना खोकं कोणत्याही परक्या पेन ड्राइव्हपुढे बोलतं करायचं होतं. साहेब कोणता आणतील ते आपल्या हातात नाही, हे त्यांचं साधं म्हणणं.

एका सणाला आम्ही काही विद्यार्थी त्यांच्या गावी गेलो होतो. पुसेगावकडचे कुणी पाहुणे आले. ते चपला काढतात तोच सर म्हणाले, "पेन ड्राइव्ह हाये का?"

दादा बाजेवरून ओरडले, "आरं, पाव्हण्याला पाणी तर पिऊ दे. मंग काय विचारायचं ते विचार. घरात पाय टाकला की झडती घेऊन राहिला."

सर जागच्या जागी थांबले. मग पाहुण्याला तसंच सोडून आतल्या खोलीत गेले. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला, पाहुणे निघाले, सर बाहेर आले नाहीत. झालं होतं असं की खोकं पेन ड्राइव्हला करंट द्यायचं आणि लगेच विचारायचं, तू कोण. काही पेन ड्राइव्ह सावरायला वेळ घेतात. त्यांना तो मिळत नव्हता, म्हणून ते गप्प. सरांनी करंट दिल्यावर जरा थांबायला शिकवलं. मुक्यांतले निम्म्याहून जास्त बोलायला लागले. दादांना ते सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, "आयटीआयमदी एवढं बी शिकवत न्हाईत का?"

होस्ट या प्रकारावर माझा मोठा आक्षेप होता. मी वर्गात उभी राहून तो मांडला. एकानेच विचारायचं, दुसऱ्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, नंबरही पहिलाच देणार, ही सरळ सरंजामशाही आहे. मुलं हसली. सर हसले नाहीत. ते माझ्याशी वाद घालताना कधी हसत नसत, आणि मी त्यांना मानते त्याचं हे एक कारण.

"विचारायचा हक्क कुणाला?" ते म्हणाले. "जो आधी करंट देतो त्याला. पाच व्होल्ट दिल्याबिगर होस्टला एक अक्षर विचारता येत न्हाई. हा नियम तुझ्या पत्रकात हाये का?"

नव्हता. त्या वर्षीच्या एका पत्रकात मी तो घातला, माझ्या शब्दांत. सरांनी तो वाचला नाही. त्यांना मागची बाजू हवी होती.

आमचं खरं भांडण झालं ते उंदरावरून. उंदराने खोक्याची तार कुरतडली आणि काही दिवस नोंदच झाली नाही. गावच्या बैठकीत, दिवसाच्या लाइटसाठी केलेल्या समितीचे पुढारी म्हणाले, "सर, त्या दिवसांपुढं 'लाइट न्हाई' लिहून टाका. नव्हतीच."

"नव्हतीच," सर म्हणाले. "पर खोक्यानं पायलं न्हाई. तिथं 'खोकं बंद' असंच ऱ्हाईल."

"आन् त्याच्या आधी एका सोमवारी दिवसभर लाइट व्हती, ते बी ऱ्हाईल?"

"ते बी ऱ्हाईल."

"मंग तुमी कुणाच्या बाजूनं?"

सरांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं. मी लिहिलं होतं, 'दिवसा एक मिनिटही वीज नाही.' त्यांनी 'एक मिनिटही' खोडलं. मी म्हणाले, "सर, पत्रक म्हणजे मीटर नाही. लोक उठून उभे राहायला हवेत." आजही माझं मत तेच आहे. सपाट भाषेने कुणी घराबाहेर पडत नाही. सर म्हणाले, "उभे राहतील. मंग साहेब त्या सोमवारचा कागद काढंल आन् समदे खाली बसतील." आम्ही दोघेही हटलो नाही. पत्रक त्या खोडाखोडीसकटच छापखान्यात पडून राहिलं.

शेवटी सरांनी कळवलं, पेन ड्राइव्ह तुमचाच आणा, आणि साहेब गावात यायला तयार झाले. विहिरीवरच, खोक्यापुढे. आठवडा दिवसाच्या पाळीचा. ऊन चढलेलं. खोपीभोवती गाव जमलं होतं, दादा काठी मांडीवर आडवी ठेवून दगडावर बसले होते. दादा पडल्यावर मोटारीला ऑटो स्विच बसवला होता, लाइट आली की ती आपोआप चालू व्हायची. सगळ्यांना माहीत होतं की खोकं आज बोललं नाही तर साहेब पुन्हा येणार नाहीत आणि रात्रीचं पाणी देणं कायमचं.

साहेब जीपमधून उतरले. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून सरांपुढे धरला. "घ्या. हा माझा. आता तर तक्रार नाही ना?"

सरांनी तो घेतला, उलटा केला. पाठीवर लाल ठिपका होता.

आमच्यातल्या सगळ्यांना तो दिसला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पास झालेला पेन ड्राइव्ह. देवच पावला. सरांनी तो परत केला.

"हा न्हाई चालणार, साहेब. हा माझ्या वळखीचा हाये. हा ठिपका माझा. उद्या तुमीच म्हणाल, मास्तरनं आधीच काहीतरी भरून ठिवलं."

साहेब जरा चक्रावले. "अहो, मला चालतोय."

"मला न्हाई चालत."

दादा दगडावरून म्हणाले, "काहून नाटकं करून राहिला बे? त्यानं सवताहून आणलाय. लाव की गुमान."

"दादा, तू बस."

"बसलोच हाये मी. उठता कुठं येतंय?"

 सरांनी मान खाली घातली, पण पेन ड्राइव्ह घेतला नाही. पुढारी माझ्या कानाशी म्हणाले, घालवलं सरानं. मलाही तसंच वाटलं. आणि त्याच वेळी मला असंही वाटलं की आपण आजवर तत्त्व, तत्त्व म्हणून जे छापलं ते हे असं दिसतं, फार बरं दिसत नाही.

साहेबांनी चिडून जीपमधली बॅग मागवली. तिच्यातून नवाकोरा पेन ड्राइव्ह निघाला, मोठा, निळ्या दिव्याचा, वरच्या कार्यालयाने दिलेला. सरांनी तो खोक्यात घातला. लाल दिवा लागला. सर मान तिरकी करून बघत राहिले. निळा दिवा मिणमिणला आणि विझला. पुन्हा मिणमिणला, पुन्हा विझला. हिरवा लागेना.

सरांनी मीटर लावून बॅटरी पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बॅटरी उतरलीय. हा पेन ड्राइव्ह करंट जास्त पितो. तेवढा खोक्यात न्हाई. चूक माझी हाये, मोठी बॅटरी टाकायला पायजे व्हती."

"म्हणजे नापास," साहेब म्हणाले.

"आत्ता नापास. लाइट आली की खोक्याला करंट पुरंल, मंग बोलंल." सर थांबले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. "साहेब, तुमच्या कागदावर लाइट कवाची हाये?"

साहेबांच्या हातातच वेळापत्रक होतं. त्यांना ते उघडावं लागलं नाही. कागदाप्रमाणे लाइट सकाळपासून होती.

 साहेबांनी मोबाइल काढला, वर धरला, खाली धरला. तिथे रेंज नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "चला साहेब, पुढं डोंगरकडा गावालाबी जायचंय." साहेब जीपकडे वळले आणि तेवढ्यात बांधावरून मेंढरं आली. मागे एक म्हातारा मेंढपाळ. त्याला साहेब कोण, सर कोण, काही माहीत नव्हतं. पांढरा शर्ट दिसला म्हणून त्याने साहेबांनाच विचारलं.

"मालक, पाणी कवा सुटतंय?"

"मला काय माहीत?" साहेब म्हणाले.

"काल बी हितं बसून गेलो. परवा बी. न्हाई सुटलं. जनावर तकलीफ करून राहिलंय म्हणून पुसलो." आणि तो खोपीच्या सावलीत टेकला. मेंढरं कोरड्या पाटात तोंड घालून उभी राहिली.

साहेब परत आले. जीपमध्ये बसले नाहीत. दादांच्या शेजारचा दगड रुमालाने झटकून त्यावर बसले. "थांबू थोडं," ते म्हणाले.

काकूंनी घागर पाठवली होती. सगळ्यांनी पाणी घेतलं. साहेबांनी दादांना विचारलं, पायाला काय झालं. दादांनी एका वाक्यात सांगितलं.  मी घोषणा पाठ करून आले होते. त्या तिथे दिल्या असत्या तर साहेब उठून गेले असते, एवढं मलाही कळत होतं. मी गप्प बसले. सावली खोपीच्या या बाजूची त्या बाजूला गेली.

मग स्टार्टर खाडकन वाजला. मोटर घुमली, पाइपातून आधी हवा आली, मग पाणी. मेंढरं एकमेकांवर चढत पाटाकडे धावली. म्हातारा "सुटलं, सुटलं" करत उठला. सगळं गाव पाण्याकडे बघत होतं. सर एकटे खोक्याकडे बघत होते.

हिरवा लागला.

साहेबांनी पेन ड्राइव्हला हात घातला तशी सरांनी त्यांचं मनगट धरलं. "थांबा. लिहून राहिलंय अजून." निळा दिवा शांत झाल्यावर त्यांनी स्वतः तो काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "समद्यात खालची ओळ आत्ताची हाये. लाइट कवा आली, ती. ती तुमीच पायली."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पेन ड्राइव्ह वरच्या खिशात घातला. सरांनी त्यांना पुन्हा थांबवलं. नेलपॉलिशची बाटली काढली होती.

"लावू का? पास झाला."

साहेबांनी खिशातला पेन ड्राइव्ह पुन्हा बाहेर काढला. "लावा," ते म्हणाले.

दिवसाच्या पुढच्या पाळीपासून लाइट दिवसा यायला लागली. रोज नाही, पूर्ण वेळ नाही, पण यायला लागली. दादा आता उजेडात काठी टेकत विहिरीवर जात आणि मोटर आपोआप चालू होते हे माहीत असूनही स्टार्टरशेजारी उभे राहत.

मी नवं पत्रक लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. मथळा 'विजय' असा. सरांनी तो खोडला. "अजून काही पाळ्या मोज," म्हणाले. मी म्हणाले, मग छापू काय? त्यांनी खोक्याच्या नोंदी पुढे सरकवल्या. उंदराचे दिवस, तो सोमवार, सगळं जसंच्या तसं. "हे छाप. एका बाजूला मावतंय."

"आणि मागच्या बाजूला माझं लिहू?"

"मागची बाजू कोरी ठिव," सर म्हणाले. "मोठ्या बॅटरीसाठी नवी चिप मागवलीय. तिची माहिती छापायचीय."